बुक्का की गुलाल?

"मी की ती?"

मोरेश्वरने तिसऱ्यांदा विचारलं. रेवणबुवा ओसरीवर बसून सुपातल्या तांदळातले खडे वेचत होते. त्यांनी एक खडा उचलला, उन्हाकडे धरून पाहिला आणि बाजूला ठेवला.

"बुवा, मी तुम्हाला विचारतोय. चिंचखोरीच्या मठात कोण बसणार? मी की ती?"

"ती म्हणजे कोण?"

"ती... बुरुडीण."

"तिला नाव आहे."

"गिरजाबाई," मोरेश्वर दात आवळून म्हणाला.

"हं. आता नीट विचार."

पण आता विचारण्यासारखं उरलंच काय होतं? मोरेश्वरच्या तळपायाची आग सकाळीच मस्तकात गेली होती, आणि दुपार झाली तरी ती खाली उतरायचं नाव घेत नव्हती.

वडगळचा हा मठ जरा विचित्रच होता. इथे पोथी नव्हती, कीर्तन नव्हतं, कानात मंत्रही कुणी फुंकत नसे. रेवणबुवा माणसांना खेळायला लावत. दर अमावास्येला दुपारी गाव अंगणात जमे आणि बुवा एक कोडं घालत.

वाघ, शेळी आणि गवताची पेंढी, तिघांना एकेक करून होडीतून पलीकडे न्यायचं असेल, तर गावातलंच कुणी वाघ होई, कुणी शेळी, कुणी पेंढी. अंगणात राखेने नदी आखली जाई. वाघ व्हायची हौस पाटलांना फार. चुकीच्या फेरीत ते शेळीवर अशी झडप घालत की बायाबापड्यांची हसून मुरकुंडी वळे. मग पुन्हा पहिल्यापासून. संध्याकाळपर्यंत एखाद्या सुनेला नाहीतर एखाद्या गुराख्याला वाट सापडे.

नियम एकच होता. उत्तर सापडलं की तोंड उघडायचं नाही. गुपचूप उठायचं, घागर घ्यायची आणि ओढ्यावरून पाणी आणून रांजणात ओतायचं. मागे बसलेल्यांना त्यांचा विचार करू द्यायचा.

मोरेश्वरने अकरा वर्षं तो रांजण भरला होता. बुवांचं कोडं सांगून संपायच्या आत तो घागरीला हात घाली. लोकांची डोकी खाजवून होईपर्यंत याचा रांजण काठोकाठ. मठात येण्याआधी तो सहा वर्षं तर्कशास्त्र शिकला होता, आणि ते तो कुणाला विसरू देत नसे.

गिरजाबाई मठात येऊ लागली त्याला तीन वर्षं झाली होती. बांबूच्या कांबी घेऊन यायची, एका कोपऱ्यात सूप विणत बसायची. तीन वर्षांत तिने एकदाही घागर उचलली नव्हती. शेवटचा माणूस उठेपर्यंत ती तिथेच. मोरेश्वरने मनातल्या मनात तिचं नाव 'धोंडा' ठेवलं होतं.

महिन्यापूर्वी चिंचखोरीच्या मठातले म्हातारे महाराज वारले. तिथली माणसं आली, म्हणाली, आमच्या मठात बसायला कुणीतरी द्या. त्यांची गावात आपसात भांडणं फार. त्या मठातल्या माणसाने दोन्ही बाजू ऐकायच्या आणि वाट काढून द्यायची, अशी तिकडची रीत. असं काम मोरेश्वरशिवाय कोण करणार? त्याने तर गाठोडंही बांधलं होतं. आईला निरोप धाडला होता, की आता तुझ्या मुलाला लोक महाराज म्हणतील.

आणि आज सकाळी बुवा सहज बोलून गेले, "दोन नावं मनात आहेत. तू आणि गिरजाबाई."

"तुमची काहीतरी गफलत होतेय," मोरेश्वर म्हणाला. आवाज खाली ठेवायचा त्याने निश्चय केला होता, पण तो निश्चय पहिल्या वाक्यालाच मोडला. "अहो, चिंचखोरीची माणसं हसतील आपल्याला! तिथे डोकं चालवायचंय. टोपल्या विणायच्या नाहीत!"

"तिचं डोकं चालत नाही?"

"तीन वर्षांत तिला एक कोडं सुटलेलं मी पाहिलं नाही."

"तू पाहिलंस कधी?"

"म्हणजे?"

"तू तर ओढ्यावर असायचास."

मोरेश्वर गप्प झाला. मग त्याला आणखीनच राग आला, कारण त्याला गप्प बसावं लागलं होतं.

"ठीक आहे," तो म्हणाला. "बोलवा तिला. समोरासमोर खेळू. आत्ता, या क्षणी. जो जिंकेल तो चिंचखोरीला जाईल. आहे कबूल?"

बुवांनी सूप बाजूला सारलं.

"हे तू म्हणतोयस."

"मी म्हणतोय."

"मागे नाही फिरणार?"

"मी कशाला फिरतोय मागे!"

"कबूल," बुवा म्हणाले.

गिरजाबाई आली ती पदराला हात पुसतच. बांबूची सालपटं तिच्या केसांत अडकली होती. चाळिशीची बाई, हाताच्या बोटांवर कांबींनी कापल्याच्या जुन्या रेघा. काय चाललंय ते बुवांनी तिला दोन वाक्यांत सांगितलं.

"चिंचखोरी?" ती म्हणाली. "आन् म्या?"

"खेळणार का?"

तिने मोरेश्वरकडे पाहिलं. त्याने मान फिरवली.

"खेळाला कधी न्हाई म्हटलंय का म्या," ती म्हणाली आणि मांडी घालून बसली.

मोरेश्वर तिच्यासमोर बसला. दोघांमध्ये हातभर अंतर. बुवांनी देव्हाऱ्यातलं तबक आणलं. त्यात दोन वाट्या होत्या, एकीत काळा बुक्का, दुसरीत लाल गुलाल.

"डोळे मिटा," बुवा म्हणाले. "मी दोघांच्या कपाळाला बोट लावणार. बुक्का लावीन नाहीतर गुलाल. दोघांना दोन रंग असतील, नाहीतर एकच असेल. पण दोघांपैकी निदान एकाच्या कपाळी बुक्का आहे, एवढं पक्कं. समोरच्याचं कपाळ बघायचं. आपलं कुणाला दिसणार नाही. ज्याला आपल्या कपाळावरचा रंग कळेल, त्याने बोलायचं. कशावरून कळलं ते सांगायचं. नुसतं ठोकून दिलं तर हरला."

मोरेश्वरच्या कपाळाला थंड बोट लागलं. मग गिरजाबाईच्या बांगड्या किणकिणल्या.

"उघडा."

गिरजाबाईच्या कपाळावर बुक्का होता. ठसठशीत, काळा.

मोरेश्वरने मनात पटापट मांडणी केली. समोर बुक्का आहे. म्हणजे 'निदान एक बुक्का' ही अट तिथेच पुरी झाली. मग माझ्या कपाळी? बुक्का असेल, गुलालही असेल. नुसतं बघून काही ठरत नाही.

मग दुसरी वाट. ती काय करते त्यावरून.

समजा माझ्या कपाळी गुलाल आहे. तर तिला समोर गुलाल दिसेल, आणि तिला लगेच कळेल की बुक्का तिच्याच कपाळी असला पाहिजे. ती तोंड उघडेल.

ती गप्प आहे.

मोरेश्वरच्या ओठांवर शब्द आले. आणि तिथेच अडले.

ती गप्प आहे, पण ती तर गप्पच असते! तीन वर्षं गप्प बसलीय. समोर कुणी शहाणा असता तर त्याच्या गप्प बसण्याला काही अर्थ होता. हिच्यासमोर गुलाल ठेवला काय, बुक्का ठेवला काय, ही कांबीसारखी ताठ बसून राहणार. धोंड्याच्या गप्प बसण्यावरून कुणी काय ठरवावं?

त्याला बुवांचा भयंकर राग आला. असला खेळ मुद्दाम काढला! बुद्धीची परीक्षा घ्यायची, आणि समोर बसवायची ही. माझे हातपाय बांधून मला पोहायला सांगतात.

तो दुसरी काही खूण शोधू लागला. बुवांचं कोणतं बोट काळं आहे? बुवांनी दोन्ही हात उपरण्यात गुंडाळले होते. तबकात काही सांडलंय का? काही नाही. तिच्या डोळ्यांत काही प्रतिबिंब दिसतं का, म्हणून तो पुढे झुकला.

गिरजाबाई त्याच्याकडेच बघत होती. शांतपणे, नीट. माणूस एखाद्याचं बोलणं ऐकताना बघतो तशी.

थोडा वेळ गेला...

आणखी थोडा...

"माझ्या कपाळी बुक्का हाय," गिरजाबाई म्हणाली.



"ठोकून दिलं!" मोरेश्वर ओरडला. "बुवा, तिने ठोकून दिलं! विचारा, विचारा कशावरून!"

"कशावरून?" बुवांनी विचारलं.

"दादांवरून."

"म्हणजे?"

"दादांच्या कपाळी मला बुक्का दिसला," गिरजाबाई म्हणाली. "माझ्या कपाळी काय ते कळंना. मग म्हटलं, दादांना काय दिसत आसंल? माझ्या कपाळी गुलाल आसता, तर दादांना तवाच कळलं आसतं की बुक्का त्यांच्याच कपाळी हाय. दोघांत एक तरी बुक्का हाय म्हनून तुमीच सांगितलं न्हवं? दादांसारख्या मानसाला तेवढं कळायला पापनी लवायचा येळ बी लागत न्हाई. पर दादा गप्प. लई येळ गप्प. मंजी माझ्या कपाळी गुलाल न्हाई. बुक्काच हाय."



मोरेश्वरने तिच्या बोलण्यात भोक शोधलं. सहा वर्षांचं तर्कशास्त्र आणि अकरा वर्षांचा मठ, सगळं पणाला लावून शोधलं. एकही पायरी सुटलेली नव्हती. ती त्याचीच पायरी होती, त्याने स्वतः चढून अर्ध्यावर सोडलेली.

"कुठे चुकलं, दाखव," बुवा म्हणाले.

"तुम्ही सांगितलंत तिला!"

"काय?"

"आधी सांगून ठेवलंत! सकाळी दोन नावं मनात आहेत म्हणालात, तेव्हाच ठरलं होतं तुमचं. मला फक्त तोंडावर पाडायचं होतं. अकरा वर्षं पाणी भरून घेतलंत माझ्याकडून, आणि आता... आता एका..."

पुढचा शब्द त्याने गिळला, पण हाताला आवर घालता आला नाही. त्याने तबकाला असा फटका मारला की वाट्या उडाल्या आणि बुक्का, गुलाल सगळ्या ओसरीभर पसरला. गिरजाबाईच्या लुगड्यावर लाल-काळा सडा पडला.

रेवणबुवा उठून उभे राहिले.

बुवा रागावल्याचं वडगळात कुणी पाहिलं नव्हतं. पाटील वाघ होऊन एकदा त्यांच्याच अंगावर पडले होते, तेव्हाही ते हसलेच होते. आज त्यांच्या मानेवरची शीर ताठ झाली.

"उचल."

"बुवा..."

"उचल म्हणतो ना! एकेक चिमूट उचल!"

तो आवाज ऐकून ओसरीच्या वळचणीतली कबुतरं उडाली. मोरेश्वर गुडघ्यांवर आला. अपमानाने त्याचे कान जळत होते. तो दोन्ही हातांनी बुक्का गोळा करू लागला, आणि गुलाल त्यात मिसळत गेला. गिरजाबाई मदतीला वाकली.

"तू नको," तो फिस्कारला.

"तुमी जरा सरका, दादा. तुमच्या गुडघ्याखाली हाय वाटी."

तिने वाटी काढली. लाल आणि काळं जितकं वेगळं करता आलं तितकं केलं. सुपात पाखडायची सवय असलेले ते हात, काम झरझर चाललं होतं. तेवढ्यानेही मोरेश्वरचं डोकं भडकलं.

"एवढं कळतं," तो खालमानेनेच म्हणाला, "तर तीन वर्षांत एकदाही घागर का नाही उचललीस?"

"उठून जाऊ कुठं? शेजारची अडल्याली आसायची."

"म्हणजे उत्तर यायचं तुला?"

"कधी यायचं, कधी न्हाई. आलं तरी बसायची. तिला इचारायची, बाई, तुला काय वाटतंय? तिचं चुकायचं. पर कसं चुकलं ते बघता बघता मलाच दुसरी वाट घावायची." ती थांबली. मग तिचाही आवाज चढला. "आन् दादा, एक सांगू? मला बी राग येतोय बरं का. तीन वरसं तुमी माझ्या अंगावरनं घागर घिऊन जाता. पानी सांडतं माझ्या कांबींवर. एक डाव वळून बघितलं न्हाई कधी की, ही बया इथं काय करती. आज बी खेळायला बसलात ते मला बघायला न्हाई बसलात. माझं कपाळ तेवढं बघितलंत."

 

बायकोने बोलावं, आईने बोलावं, हे ठीक. एका बुरुडिणीने आपल्याला असं तोंडावर सुनवावं, आणि ते बुवांनी ऐकून घ्यावं! मोरेश्वरने तबक जमिनीवर आदळलं आणि बुवांसमोर जाऊन उभा राहिला.

"चिंचखोरी गेली. गेली तर गेली. मी शब्द दिला होता, तो पाळीन. पण हे कपाळावर घेऊन मी इथून जाणार नाही, की मोरेश्वरला दोन रंगांचं कोडं सुटलं नाही. समोर माणूस चांगला नव्हता म्हणून हरलो मी! तुम्ही बसा. तुम्ही माझ्यासमोर बसा, मग दाखवतो."

"मी?"

"तुम्हीच. रंग तिला लावू द्या, म्हणजे तुमच्यावर आळ नको."

बुवांनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. मग खाली बसले.

मोरेश्वरने उपरण्याने कपाळ घासून घासून पुसलं आणि डोळे मिटले. गिरजाबाईचं खरखरीत बोट त्याच्या कपाळाला लागलं.

"दोघांत निदान एक बुक्का हाय," ती म्हणाली. "उघडा डोळे."

बुवांच्या कपाळी बुक्का होता.

बुवा गप्प होते.

मोरेश्वरने एक श्वास घेतला, सोडला. दुसरा घेतला, आणि तो सोडायच्या आत ओरडला, "बुक्का! माझ्या कपाळी बुक्का!"

"कशावरून?"

"तुम्ही गप्प बसलात म्हणून!" त्याचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदा उजळला होता. "माझ्या कपाळी गुलाल असता तर तुम्ही तो पाहताक्षणी बोलला असता. तुम्ही बोलला नाहीत. दोन श्वास पुरले मला, बुवा! दोन श्वास!"

"मला डुलकी लागली असेल."

"तुम्हाला? डुलकी?"

"वय झालं. डोळे अधू झालेत. बुक्का कुठला नि गुलाल कुठला, कळलं नसेल मला."

"थट्टा करू नका, बुवा. तुमच्या नजरेतून तांदळातला खडा सुटत नाही."

"कोडंच डोक्यात शिरलं नसेल माझ्या."

"तुमच्या?" मोरेश्वर हसला. "काहीतरीच काय बोलता! तुम्ही गप्प बसलात म्हणजे त्याला कारण असणारच."

"एवढी खात्री?"

"अगदी!"

बुवांनी मान हलवली. मग गिरजाबाईकडे बोट दाखवलं.

"आणि मघाशी त्या काय ओव्या म्हणत होत्या?"

मोरेश्वरचं हसू तोंडावरच राहिलं.

तो बुवांकडे बघत राहिला. मग गिरजाबाईकडे. तिच्या लुगड्यावर गुलालाचे शिंतोडे तसेच होते, आणि कपाळावर त्याने पाहिलेला तो बुक्का.

त्याच ओसरीवर, त्याच जागी, त्याच दोन रंगांसाठी ती त्याच्यासमोर अशीच गप्प बसली होती. तेव्हा त्याच्या ओठांवर उत्तर आलंही होतं. परत गिळलं होतं ते त्यानेच.

बाहेर ओढ्याकडून कुणाची तरी गुरं हाकल्याचा आवाज आला आणि विरला...

"गिरजाबाई," बुवा म्हणाले, "उद्या सकाळी निघा."

"सात सुपं कबूल केल्यात लोकांना. ती देते आन् परवा निघते."

"परवा निघा."

 शब्द पाळीन असं मोरेश्वर मोठ्या तोऱ्यात बोलून गेला होता, पण पाळणं म्हणजे काय ते आत्ता कळलं. आई ओट्यावर बसून वाटेकडे डोळे लावून असेल. शेजारणींना सांगत असेल. आता कोणत्या तोंडाने तिला सांगायचं?

आणि राग पुन्हा आला. पण आता तो कुणावर काढावा हे त्याला कळेना. बुवांवर काढून झाला होता. तिच्यावर काढायला जागा उरली नव्हती. तो राग कुठेच जाऊन टेकेना, तेव्हा त्याचे डोळे भरून आले, आणि डोळे भरले म्हणून तो आणखी चिडला.

"अकरा वर्षं!" तो म्हणाला. आवाज फाटला होता. "अकरा वर्षं मी तुमच्यासमोर वावरलो. तुम्हाला सगळं दिसत होतं ना? मग बोलला का नाहीत? एकदा हाताला धरून खाली बसवायचं होतं! दोन मुस्काटात द्यायच्या होत्या!"

"चुकलं माझं," बुवा म्हणाले.

हे त्याने अपेक्षिलं नव्हतं.

"रांजण भरलेला दिसायचा," बुवा म्हणाले. "मलाही बरं वाटायचं. म्हातारपणी पाण्याची सोय झाली... चुकलंच."

 ज्या भिंतीवर डोकं आपटायला निघावं ती भिंतच बाजूला सरावी, तसं मोरेश्वरला झालं.

"मग आता तरी सांगा," तो शेवटी म्हणाला.  "तर्क माझा बरोबर होता. पायऱ्या बरोबर होत्या. तरी हरलो. माझ्यात कमी काय आहे, ते सांगा मला. बुवा, मी ऐकून घेईन. काय कमी आहे माझ्यात?"

रेवणबुवा उठले. ते मोरेश्वर आणि गिरजाबाई यांच्या मध्ये बसले होते, तिथून बाजूला झाले. आता ती दोघं पुन्हा समोरासमोर होती.

बुवांनी एकदा गिरजाबाईकडे पाहिलं, एकदा मोरेश्वरकडे.

"त्यांना विचार," ते म्हणाले. "आणि त्या गप्प बसल्या, तर उठू नकोस."